आमदाराचा हिशेब सभागृहात मागा

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी विचारा, तुमच्या आमदारानं पाच वर्षांत काय केलं? उत्तर ताबडतोब मिळतं. अमक्या पांदणीचा रस्ता केला, तमक्या देवळापुढं सभामंडप बांधला, चौकात हायमास्ट बसवला, आमच्या चुलत्याच्या मयतीला आला होता, लेकराच्या ऑपरेशनसाठी मुंबईला चिठ्ठी दिली. माणूस नाराज असेल तर याच यादीतलं काय राहिलं ते सांगतो. फोन उचलत नाही, लग्नाला आला नाही, डीपी जळाला तर आठ दिवस कुणी फिरकलं नाही. पण विधानसभेत त्यानं कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकावर तो बोलला, कोणत्या समितीवर होता, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. राज्यघटनेनं ज्या कामासाठी हे पद निर्माण केलं, त्याच कामाविषयी मतदार आणि आमदार दोघंही गप्प असतात.

आपल्या मागासलेपणाच्या कारणांत हे गप्प बसणं फार वरचं आहे, असं माझं ठाम मत आहे. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण, असे चार मुख्यमंत्री मराठवाड्यानं दिले. तरी आपण मागंच का, असं प्रत्येक पारावर विचारलं जातं. या प्रश्नात सगळा भार एका खुर्चीवर टाकलेला असतो. खुर्चीवरचा माणूस येतो नि जातो. २८८ जणांच्या सभागृहात आपल्या आठ जिल्ह्यांचे ४६ जण मात्र पूर्ण पाच वर्षं बसलेले असतात. हा जवळजवळ सहावा हिस्सा आहे. तो तिथं काय करतो, याची चौकशी आपण कधी केली?

मतदाराला दोष देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आमदाराच्या दारात सकाळी सात-साडेसातला जाऊन बसलं की हे सगळं कसं घडत गेलं ते दिसतं. पत्रकारितेच्या निमित्तानं मी वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांकडं असा बसलेलो आहे. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला चपलांचा ढीग, पीएच्या हातात दोन मोबाईल. धोतरातले एक आजोबा पिशवीतून कागद काढतात. सातबारा, आठ-अ, जॉबकार्डाची झेरॉक्स. रोजगार हमीतून विहीर खोदली, बांधकाम वर आलं, पण बिल पंचायत समितीत अडकलंय. ग्रामसेवक म्हणतो, इंजिनिअरनं एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, भरली नाही. इंजिनिअर म्हणतो, माझ्याकडं तीन सर्कल आहेत. आमदार पीएला म्हणतो, "बीडीओला लाव रे." पलीकडून "होय साहेब, आज करतो साहेब" असं ऐकू येतं. आजोबा पाया पडायला वाकतात, आमदार त्यांना वरच्या वर धरतो. दोन मिनिटांत काम झालेलं असतं आणि पुढचा माणूस उभा राहतो.

या आजोबांचं काय चुकलं? काहीच नाही. चार महिने हेलपाटे मारून जे झालं नाही ते दोन मिनिटांत झालं, तर ते पुढच्या वेळीही इथंच येणार. आमदाराचंही त्या सकाळपुरतं काही चुकलं नाही. पण त्याच पंचायत समितीत तसल्याच विहिरींची बिलं अडकलेले कितीतरी शेतकरी असतात, त्यांना आमदाराचं अंगण माहीत नसतं किंवा ते दुसऱ्या पार्टीचे असतात. एमबी भरायला कनिष्ठ अभियंतेच नाहीत, पदं रिकामी आहेत, हे त्या सगळ्यांच्या अडचणीचं मूळ. ते पद भरण्याचा अधिकार बीडीओकडं नाही. तो मंत्रालयात आहे आणि मंत्रालयाला जाब विचारण्याची जागा सभागृह आहे. फोननं एका माणसाची विहीर सुटते. तीच बाब सभागृहात मांडली तर तालुक्याची सुटू शकते. फोन केल्यावर पाया पडायला माणूस समोर असतो, प्रश्न विचारल्यावर मात्र कुणी नसतो. म्हणून आमदार फोन करतो.

सभागृहातला प्रश्न नेमका कसा असतो, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. तारांकित प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. अमुक तालुक्यातील शेतकऱ्यांना खरीप हंगामातील पीकविम्याची रक्कम अद्याप मिळाली नाही, हे खरे आहे काय? असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची सर्वसाधारण कारणे काय आहेत? यावर मंत्र्यांच्या सहीनं छापील उत्तर येतं. "हे खरे नाही" आणि खाली "प्रश्न उद्भवत नाही", असं दोन ओळींचं उत्तर पुष्कळदा येतं. वाचणाऱ्याला वाटतं, संपलं. खरं तर सभागृहातलं काम तिथून सुरू होतं. तारांकित प्रश्न पुकारला गेला की सदस्याला उपप्रश्न विचारता येतो आणि मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. ज्याच्या हातात गावांची नावं, बँकेचं पासबुक आणि कृषी सहायकाचा पंचनामा आहे, तो आमदार छापील उत्तर तिथल्या तिथं खोटं पाडू शकतो. मंत्री "तपासून घेतो", "महिनाभरात बैठक लावतो" म्हणाले की ते आश्वासन होतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. कागद तयार झालेला असतो. तो कागद घेऊन शेतकरी तहसीलदारापुढं उभा राहू शकतो, वकील औरंगाबाद खंडपीठात उभा राहू शकतो.

हे सगळं करायला अभ्यास लागतो. त्यासाठी आमदाराला मतदारसंघातून चार दिवस बाजूला होऊन वाचत बसावं लागतं आणि त्याच चार दिवसांत तीन लग्नं, दोन दहावे आणि एका हरिनाम सप्ताहाचा काला असतो.

सभागृहात बोलून काय होतं, तिथं तर बहुमतच चालतं, असा एक आक्षेप नेहमी येतो. याचं उत्तर मराठवाड्याच्याच अनुभवात आहे. १९७२ च्या दुष्काळात आपली माणसं खडी फोडायला गेली, सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन जगली. ते काम त्या वेळी सरकारच्या मर्जीवर होतं. त्याचा हक्क झाला तो कायद्यामुळं. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यावं ही कल्पना त्यांनी लावून धरली, आधी सांगली जिल्ह्यात तिचा प्रयोग झाला, १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. शहरानं खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, ही गोष्ट कायद्यानं पक्की केली. पुढं २००५ मध्ये केंद्रानं देशभरासाठी कायदा केला, त्याच्या मागं हाच महाराष्ट्राचा अनुभव होता. आजोबांची ती विहीर याच कायद्याच्या वाटेनं आलेली आहे. पागे मराठवाड्याचे नव्हते, पण मराठवाड्याला जगवणाऱ्या गोष्टींत विधिमंडळातल्या एका माणसाच्या चिकाटीचा वाटा कुठल्याही पॅकेजपेक्षा मोठा आहे.

अगदी अलीकडचं पाहा. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून हत्या झाली. आठवड्याभरात नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरच्या आमदारांनी ते प्रकरण सभागृहात मांडलं आणि मुख्यमंत्र्यांना तिथंच विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशी जाहीर करावी लागली. जिल्ह्यात दबून बोललं जाणारं सगळं राज्यापुढं आलं. बहुमत तेव्हाही सरकारकडंच होतं.

सभागृहात मन लावून काम करणारी माणसं आपल्याकडं नव्हती असं नाही. कंधारचे केशवराव धोंडगे हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले. शेतकरी कामगार पक्षाकडून पाच वेळा आमदार झाले, १९७७ मध्ये नांदेडहून लोकसभेवर गेले, आणीबाणीत तुरुंगात राहिले. सार्वजनिक आयुष्याचा बहुतेक काळ विरोधात गेला, म्हणजे वाटायला हातात काही नाही. तरी मन्याडच्या खोऱ्यातल्या लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, कारण हा माणूस मुंबईत आपलं गाऱ्हाणं आपल्याच भाषेत खणखणीत मांडतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कंधारला शाळा-कॉलेज काढलं, 'जयक्रांती' साप्ताहिक चालवलं, गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. १ जानेवारी २०२३ ला शंभरी ओलांडून ते गेले. त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत, पण मतदार आणि आमदार यांच्यात निधीशिवाय नातं असू शकतं, याचा तो धडधडीत पुरावा आहे. गोपीनाथ मुंडे यांचंही तसंच. ते उपमुख्यमंत्री १९९५ मध्ये झाले, पण राज्यभर नाव झालं ते त्याआधी, १९९१ पासून विरोधी पक्षनेते म्हणून सरकारला धारेवर धरताना. रेणापूरच्या आमदाराला राज्याचा नेता सभागृहातल्या कामानं केलं. २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी लागतात असं मानल्या जाणाऱ्या सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ जागासुद्धा मिळाल्या नाहीत. अशा वेळी प्रत्येक आमदाराच्या प्रश्नाला जास्त मोल येतं, मग तो कुठल्या का बाकावर बसलेला असेना.

पण सभागृहात हात वर केला म्हणजे आमदाराचं काम संपलं, असंही नाही. विधिमंडळाचे दोन ठराव मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटतात. पहिला २७ जुलै १९७८ चा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमतानं केला. त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, घरं-दारं सोडून माणसं परागंदा झाली, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जाळून मारलं. मुंबईत एकमत आणि गावात आग, हे एकाच वेळी कसं घडलं? ज्यांनी ठरावाला पाठिंबा दिला त्यांनी तो आपापल्या मतदारसंघात जाऊन सांगितला नाही, हे त्याचं एक उत्तर आहे. अनेक गावांत तर त्याच पक्षांची माणसं विरोधात उभी होती. गावाला न आवडणारी पण न्याय्य गोष्ट गावात जाऊन सांगणं, हे आमदारकीतलं सर्वांत अवघड काम आहे आणि त्या वेळी ते झालं नाही. त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांचा त्यात काही दोष नव्हता. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं गेली.

दुसरा ठराव १९८४ च्या जुलैमधला. त्याच सुमाराला दांडेकर समितीनं प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, मोजला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा निघाला. घटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणं विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं स्थापन व्हावीत, असं दोन्ही सभागृहांनी ठरवलं. मंडळं आली ती १ मे १९९४ ला, दहा वर्षांनी. एक ठराव सामाजिक न्यायाचा, दुसरा विकासाचा. दोन्ही मराठवाड्याचे, दोन्ही मंजूर, आणि दोन्हींची अंमलबजावणी १९९४ पर्यंत रखडलेली. ठराव मंजूर झाल्यावर दर अधिवेशनात उठून "त्याचं काय झालं" असं विचारणारा माणूस लागतो. ते काम ना मुख्यमंत्र्याचं असतं ना सचिवाचं, ते आमदाराचंच असतं.

पाण्याचंही हेच झालं. २००५ मध्ये विधिमंडळानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिलंय की टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांनी सारखी सोसावी आणि ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांत वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहावी. मराठवाड्याच्या जायकवाडी धरणासाठी यापेक्षा मोठं हत्यार नव्हतं. तरी ते म्यानातच राहिलं. गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी यायला दुष्काळ, आंदोलनं, कोर्ट असं सगळं लागलं. २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश झाला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. लातूर गोदावरीच्या मुख्य धारेवर नाही, मांजरेवर आहे, पण पाण्याच्या नियोजनाकडं दुर्लक्ष केल्याचं बिल तेच होतं. कायदा आपल्याच सभागृहानं केलेला असताना त्याच्या अंमलबजावणीसाठी शेतकऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना पदरमोड करून कोर्टात जावं लागलं. सभागृहातल्या पाठपुराव्यात आपले लोक कमी पडले, याचा दुसरा अर्थ लावता येत नाही.

आता निधीविषयी थोडं. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. मराठवाड्यातल्या ग्रामीण मतदारसंघात शंभरावर गावं असतात. गावाच्या वाट्याला वर्षाला पाच लाखही येत नाहीत. त्यातून पेव्हर ब्लॉक, सभामंडप, सिमेंटच्या गल्ल्या होतात, जे खरं तर ग्रामपंचायतीचं काम आहे. सरपंच मग आमदाराच्या शिफारसपत्रावर जगतो आणि निवडणुकीत त्याचा बूथ सांभाळतो. इकडं राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. त्यातल्या खात्यांच्या मागण्यांवर कपात सूचना देण्याचा, बोलण्याचा, समितीत बसून खर्चाची तपासणी करण्याचा हक्क याच आमदाराला आहे. अनेक कोटींच्या पुरवणी मागण्या गोंधळात मंजूर होतात तेव्हा तो बहुधा लॉबीत बदलीच्या कागदावर मंत्र्याची सही घेत उभा असतो. ५ कोटींच्या नारळासाठी त्यानं ७ लाख कोटींवरचा हक्क सोडून दिलेला आहे आणि आपण त्याला त्याच नारळांवर मोजतो. माझ्या मते हा निधी बंद करून ग्रामपंचायतींना थेट द्यावा. ते लवकर होणार नाही हे मला दिसतं, तरी मागणी सोडू नये.

पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं याचा आदेश, असतो, आमदार बिचारा काय करणार, असंही म्हणतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिपविरुद्ध मतदान करता येत नाही, हे खरं. पण प्रश्न विचारायला, लक्षवेधी द्यायला, अर्धा तास चर्चा मागायला कुठलाही व्हिप आडवा येत नाही. मस्साजोगवर बोलणाऱ्यांत सत्ताधारी आमदारही होते, हे विसरू नये.

मराठवाड्यात मंत्रिमंडळाच्या बैठका होतात, २०१६ मध्ये झाली, २०२३ मध्ये झाली. २०२३ ला ४५ हजार कोटींवर घोषणा झाल्या. त्यातल्या एकेका घोषणेची यादी करून तिचा शासन निर्णय निघाला का, पैसे आले का, काम कुठवर आलं, हे दर अधिवेशनात विचारणं एवढंच काम एखाद्या आमदारानं पाच वर्षं केलं, तर त्यानं गावात एकही नारळ फोडला नाही तरी मी त्याला मत देईन.

आपल्याकडूनही काही व्हायला हवं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज मिळतं. जिल्ह्याच्या दैनिकांनी अधिवेशन संपलं की आपल्या आमदारांनी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते एका पानात छापावं. तालुक्याच्या कॉलेजांतल्या राज्यशास्त्राच्या पोरांना हे काम दिलं तर त्यांचाही अभ्यास होईल. आमदारानं अधिवेशनाआधी तालुक्याला एक बैठक घेऊन लोकांना विचारावं, कोणता प्रश्न टाकू, आणि अधिवेशनानंतर तिथंच येऊन उत्तर वाचून दाखवावं. सत्कार, फेटे, हार काही नको.

पहिला प्रश्न तयार आहे. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी मंडळांची मुदतवाढ विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या १२ आमदारांच्या नावांशी जोडली. आपला घटनात्मक हक्क अशा सौद्यात टांगला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये पुढच्या सरकारच्या मंत्रिमंडळानं मंडळं पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयानंतर शासनाने कोणती कार्यवाही केली, आणि केली नसल्यास विलंबाची सर्वसाधारण कारणे काय आहेत? हा तारांकित प्रश्न ४६ जणांपैकी कुणीही द्यावा, पण त्याखाली उरलेल्या ४५ जणांची नावं पक्ष न बघता लागलेली असावीत.